पलटणीचे बूट

त्या साली भीमा होळीच्या आधीच वाळूत गेली. लढाई संपून दोन वर्षं झाली होती. सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजत होते, पण नदीकाठच्या भोयांच्या वस्तीत चुली पेटायच्या थांबल्या होत्या. ज्यांचे पाय धड होते ते गिरणीत नाहीतर सरकारी कामावर खडी फोडायला निघून गेले. म्हातारीकोतारी आणि लहान पोरं मागं राहिली, आणि धोंडीरामचं घरही मागं राहिलं, कारण धोंडीरामला चालता येत नव्हतं.

त्याचा गुडघा ज्या दिवशी मोडला त्याच दिवशी त्याचा धाकटा भाऊ सिद्धनाथ गेला होता. वस्तीच्या खालच्या अंगाला एक डोह होता. सगळी नदी आटली तरी तेवढाच भरलेला, आणि नदीतली उरलीसुरली मासळी त्यात येऊन दाटलेली. डोहाच्या एका बाजूला उभी दरड, दुसऱ्या बाजूला माणूस कंबरेपर्यंत रुतेल असा गाळ. जाळं फेकायला जागा एकच, पाण्यात सोंडेसारखा उतरत गेलेला काळा खडक. वरच्या कपारीतून पाणी झिरपायचं आणि त्या खडकावरून पसरत खाली यायचं. त्यामुळं त्याच्यावर शेवाळ चढलेलं, हिरवं, तुपासारखं. चांगल्या पावसाच्या साली त्या खडकाकडं कुणी फिरकत नसे. सिद्धनाथ गेला, कारण दुसरीकडं कुठं पाणीच नव्हतं. जाळं फेकताना त्याचा पाय सटकला, डोकं कडेला आपटलं आणि तो आत गेला. त्याला काढायला धावलेला धोंडीराम त्याच शेवाळावरून घसरून कपारीत पडला. सिद्धनाथ दुसऱ्या दिवशी वर आला.

घरात राहिली चार माणसं. धोंडीराम, त्याची बायको केराबाई, सिद्धनाथची बायको राजाबाई आणि राजाबाईची तीन वर्षांची पोर वच्छला. धोंडीराम आणि केराबाईला मूलबाळ नव्हतं. सगळ्यांचा जीव त्या पोरीत.

चैत्र लागला तसा वच्छलाच्या डोळ्यांतला पाणीदारपणा गेला. केराबाई रानातून तरवडाचा पाला आणायची, बाभळीच्या शेंगा आणायची, ते शिजवून पोरीला चारायची. पोर दोन घास घ्यायची आणि तोंड फिरवायची. मग ती रडेनाशीही झाली. ती रडत नाही याचीच केराबाईला धास्ती वाटायला लागली.

एका दुपारी राजाबाई घरात दिसली नाही. केराबाई शोधत डोहावर गेली तर ती खडकाच्या वरच्या टोकाला बसलेली. लुगडं कंबरेपर्यंत ओलं, दोन्ही तळहात सोललेले. केराबाईनं तिला हाताला धरून घरी आणलं आणि काही विचारलं नाही. विचारायची तिला भीती वाटली.

दोन दिवसांनी राजाबाई म्हणाली, "आक्का, मी खडकावर जानार. जाळं फेकाया."

भोयांच्या बायका मासळी विकायच्या, जाळं विणायच्या, पण फेकायचं काम गड्यांचं. त्यातून ती विधवा, आणि खडक तोच. धोंडीराम आतून ओरडला की असलं काही चालायचं नाही, एक गेला तेवढं पुरे. थोरल्या दिरापुढं राजाबाई कधी बोलत नसे. ती पदर ओढून मागं सरली. पण दुसऱ्या दिवशी केराबाईला ती पायाला सुंभ गुंडाळताना दिसली. खडकावर पहिली चार पावलं सुंभानं धरलं. मग त्यात शेवाळ भरलं आणि ते साबणासारखं झालं. राजाबाई बसल्या जागी घसरली आणि घसरत घसरतच मागं आली.

"चांभाराकडनं वहाना घेतल्या तर?" केराबाईनं विचारलं. तिचं मन तिला सांगत होतं की या पोरीला अडवलं तर ती गुपचूप जाईल. त्यापेक्षा वहाणांच्या नावानं चार दिवस निघतील.

राजाबाईनं मान हलवली. गावच्या वहाणांचं कातडं भिजलं की लोण्यासारखं होतं. सिद्धनाथनं ते करून बघितलं होतं. तिला दुसरंच काही हवं होतं. होटगीच्या स्टेशनावर तिनं एकदा रेल्वेचे गडी बघितले होते, पायात पलटणीचे जुने बूट, तळाला लोखंडी खिळे. ते फरशीवरून चालले की ठिणग्या उडायच्या. असले बूट सोलापूरच्या मंगळवार बाजारात ढिगानं येतात असं ती ऐकून होती.

धोंडीरामला सांगितलं की बाजारातून काही धान्य मिळतं का ते बघायला जातोय. त्याला ते पटलं नसावं. तो फक्त केराबाईला म्हणाला की तिच्यावर नजर ठेव, वाटेत विहिरी लई हायत.

शेजारच्या म्हाताऱ्या बजाबाईकडं वच्छलाला ठेवून दोघी निघाल्या. उन्हात वाट तापलेली. रात्र त्यांनी होटगीच्या स्टेशनाबाहेर काढली. प्रत्येक विहिरीपाशी केराबाई राजाबाईचा हात धरायची. राजाबाईला ते कळत होतं, तरी ती हात सोडवून घेत नव्हती.

मंगळवार बाजारात निंगप्पा नावाचा चांभार बसायचा. अक्कलकोटकडचा, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारा. पुण्याच्या छावणीतून लिलावात निघालेले बूट त्याच्याकडं पोत्यांनी यायचे. तो ते दुरुस्त करून गिरणीच्या नि रेल्वेच्या लोकांना विकायचा. बायकांनी बूट मागितल्यावर त्याला वाटलं घरधन्यासाठी हवे असतील. त्यानं पायाचं माप विचारलं तेव्हा राजाबाईनं स्वतःचा पाय पुढं केला.

निंगप्पा हसला नाही. त्यानं विचारलं, "याक? कशाला पायजे?"

केराबाईनं सगळं सांगितलं. खडक, शेवाळ, सिद्धनाथ. निंगप्पाच्या हातातली आरी तशीच राहिली. मग त्यानं पुढ्यात तीन जोड काढून ठेवले. एक त्यानं स्वतः केलेल्या जाड वहाणांचा, तळाला बारीक खिळे ठोकलेला. दुसरा पलटणीच्या बुटांचा, हलका, खिळे झिजून गुळगुळीत झालेले. तिसराही पलटणीचाच, पण जड, अर्धे खिळे गळालेले, कातडं मात्र शाबूत. तो म्हणाला की वहाणा घ्या, बायामाणसाला बुटाचं ओझं झेपायचं नाही, आणि बूट घालून पाण्यात पडलं तर माणूस दगडासारखं खाली जातं.

राजाबाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन्ना, शेवाळाचा दगुड कुटं हाय हितं?"

सिद्धेश्वराच्या तळ्याचं पाणीही त्या साली खाली गेलं होतं. देवळाची बाजू सोडून पलीकडं, जिथं म्हशी पाण्यात उतरायच्या, तिथल्या पायऱ्यांचे दगड हिरवे झालेले होते. निंगप्पानं दुकान शेजाऱ्याला बघायला सांगितलं आणि तिन्ही जोड पोत्यात घालून तो त्यांच्याबरोबर गेला. कदाचित त्याला दया आली असेल, कदाचित त्यालाही बघायचं असेल.

राजाबाईनं आधी वहाणा घातल्या. खिळ्यांनी दगड धरला, पण ओला पाय वहाणेच्या आतच सरकायला लागला आणि चौथ्या पायरीवर अंगठ्याचा पट्टा तुटला. मग तिनं हलके बूट घातले. पायात चिंध्या कोंबल्या, नाड्या बांधल्या आणि खाली उतरली. दोन पायऱ्या नीट गेल्या. तिसरीवर झिजलेले खिळे एकदम सुटले. ती पाठीवर पडली, घसरली आणि कंबरेपर्यंत पाण्यात गेली.

 केराबाई तशीच पुढं धावली. तोवर राजाबाईनं दोन्ही हातांनी पायरीची कड पकडली होती. इतकी घट्ट, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. केराबाईनं आणि निंगप्पानं तिला दंडाला धरून वर ओढलं.

बराच वेळ ती धापा टाकत बसली. निंगप्पा बूट काढून त्यांचे खिळे बघायला लागला, तेव्हा ती केराबाईला हळू आवाजात म्हणाली, "आक्का, तुमाला वाटतंय मी जीव द्याया खडकावर जानार."

केराबाई तिच्या पदराचं पाणी पिळत राहिली.

"त्या दिशी त्याच्यासाटीच गेलते. वच्छीला तुमी सांबाळाल म्हनून. टोकावर हुभी ऱ्हायले, अन् उडी टाकायच्या आदी पायच घसरला. आन् हातांनी कपार धरली. मी न्हाय धरली आक्का, हातांनी धरली. तितं लटकून मला येकच सुचत हुतं, की हितं पाय ठरंल असं कायतरी पायात पायजे हुतं. वर आले तवा ध्यानात आलं, मला मरायचं न्हाय. मला मासं पायजेत."

केराबाईनं तिचं डोकं आपल्या खांद्याशी घेतलं. गावाकडून निघाल्यापासूनची तिची धास्ती पुरती गेली नाही, पण ती रडू शकली. विहिरीपाशी हात धरल्याची तिला लाज वाटली.

राजाबाईनं जड बूट मागितले. निंगप्पा म्हणाला, "बेडा, नको, आज न्हाय. हे असे घालून परत पडशील." अर्धे खिळे गेलेला बूट एकीकडून धरतो आणि दुसरीकडून सोडतो, हे त्यानं तळ दाखवून समजावलं. मग तिघं परत दुकानात आली आणि त्यानं कामाला हात घातला.

राजाबाई त्याच्या शेजारीच बसून राहिली आणि प्रत्येक गोष्ट विचारत गेली. खिळा वरून नुसता ठोकला तर दगडात अडकून निघेल की नाही? त्यानं मान्य केलं की निघेल. मग त्यानं नालबंदाकडून घोड्याच्या नालेचे चौकोनी डोक्याचे खिळे आणवले, ते तळातून आरपार काढले, आत आलेली टोकं वाकवून ठोकून बसवली आणि त्यावर कातड्याचा आणखी एक थर शिवला. टाचेला दाट, चवड्याच्या कडेला त्याहून दाट. बुटाचा वरचा उंच भाग त्यानं कापून टाकला. दोन्ही बाजूंना भोकं पाडली, आत शिरलेलं पाणी बाहेर निघून जावं म्हणून. शिवण मेण लावलेल्या दोऱ्याची घातली आणि सगळ्यावर करडईचं तेल चोळलं. नाड्यांना त्यानं एका ओढीत सुटणारी गाठ मारायला शिकवली.

"पानी ओढाय लागलं तर बूट सोड," तो म्हणाला. "बुटाचा मोह धरू नको."

राजाबाईच्या पदराला चांदीची जोडवी बांधलेली होती, सिद्धनाथ गेल्यावर पायातून उतरवलेली. तिनं ती निंगप्पापुढं ठेवली. निंगप्पानं ती उचलली, थोडा वेळ हातात धरून कनवटीला लावली, आणि मग बुटांबरोबर मूठभर जादा खिळेही बांधून दिले.

निघायच्या आधी त्यांनी ते बूट तळ्यावर पुन्हा तपासले. या वेळी राजाबाई पाण्याच्या कडेपर्यंत उतरली, तिथं वाकली, वळली आणि चढून वर आली. शेवाळावर खिळ्यांचे पांढरे ओरखडे उठले होते.

घरी पोचल्या तेव्हा वच्छला बजाबाईच्या मांडीवर डोळे मिटून पडली होती. बजाबाई म्हणाली की कालपासून पाण्याशिवाय काही उतरलं नाही. राजाबाईनं पोरीच्या कपाळावर हात ठेवला, टोपलीतून बूट काढले आणि भिंतीवरचं जाळं उतरवलं.

धोंडीराम उंबऱ्यात आडवा बसला. केराबाईनं त्याला तळ्यावरचं सगळं सांगितलं, राजाबाई काय बोलली तेही. तो खाली मान घालून ऐकत राहिला. शेवटी त्यानं काठी मागितली, विहिरीचा दोर मागितला, आणि केराबाईच्या खांद्यावर भार टाकत, दर पावलाला थांबत तो डोहापर्यंत आला. भाऊ गेल्यानंतर तो पहिल्यांदाच तिथं येत होता.

दोराचं एक टोक त्यानं काठावरच्या बाभळीला गुंडाळलं आणि ती गुंडाळी हातात धरून तो खाली बसला. दुसरं टोक केराबाईनं राजाबाईच्या कंबरेला बांधलं. राजाबाईनं लुगड्याचा काष्टा घट्ट खोवला आणि खडकावर पाय ठेवला. लोखंड दगडावर खरडल्याचा आवाज आला. ती एकेक पाऊल दाबून, वजन टाकून, मगच दुसरं उचलत होती. टोकावर पोचल्यावर तिनं जाळं फेकलं. फेक नीट बसली नाही. पहिल्यांदा जाळं रिकामं आलं, दुसऱ्यांदा बोटभर बारीक मासळी आली, तिसऱ्यांदा जाळं खाली जाऊन अडकलं.

ती ओढत राहिली. जाळं येईना. घरात तेवढं एकच जाळं होतं, सिद्धनाथच्या हातचं, आणि नवं विणायला सूत कुठून आणायचं? खडकाची सोंड जिथं पाण्यात उतरते तिथं खालच्या ओठावर कुठंतरी ते अडकलं असावं. सिद्धनाथ त्याच ओठावरून गेला होता. राजाबाई उतरायला लागली आणि मध्येच थांबली. दोर संपला होता.

तिनं मागं वळून बघितलं आणि कंबरेची गाठ सोडली.

 तळ्यावर ऐकलेलं सगळं केराबाईच्या डोक्यातून पुसलं गेलं. तिला दिसत होती ती फक्त खडकावर लोंबणारी दोराची रिकामी गाठ. आजवर धाकट्या भावजयीशी समोरासमोर एक शब्द न बोललेला धोंडीराम तिचं नाव घेऊन ओरडला.

"राजा! सोड ते जाळं! मागं फिर, पोरी!"

राजाबाई फिरली नाही. ती आडवी वळली, बुटांच्या कडा दगडात रोवत एकेक वीत खाली सरकली. एकदा डावा पाय सुटला आणि खिळे करकरत थोडं अंतर गेले. मग ते एका भेगेत बसले. ती तशीच थांबली. तिची पाठ वरखाली होताना काठावरून दिसत होती. मग ती गुडघ्यावर बसली आणि तिनं खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. तोंड पाण्याला लागत होतं. केराबाई बघू शकेना, आणि डोळेही मिटवेनात.

जाळं सुटलं. राजाबाईनं त्याचा दोर दातांत धरला आणि हातापायांवर रांगत ती वर आली. वर आल्यावर पहिलं काम तिनं केलं ते दोर पुन्हा कंबरेला बांधायचं. मग तिनं जाळं ओढलं. जाळं जड होतं. आत हातभर लांबीची एक मरळ होती आणि तिच्या भोवती शिंगाळे तडफडत होते.

धोंडीरामनं दोर सोडला नाही. ती काठावर येऊन उभी राहीपर्यंत तो तसाच धरून बसला, आणि ती आल्यावर त्यानं तोंड फिरवून पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले.

त्या दिवशी कालवणाचं नुसतं पाणी वच्छलाच्या तोंडात घातलं तर तिनं ते ओकलं. राजाबाईनं थोडं थांबून पुन्हा घातलं. तेही बाहेर आलं. तिसऱ्यांदा केराबाईनं बोट बुडवून तिच्या जिभेला लावलं. पोरीनं बोट चोखलं. मग दुसरं. असं दिवस मावळेपर्यंत चाललं. एक शिंगाळा केराबाईनं बजाबाईकडं दिला.

सकाळी राजाबाई उठली तर तिला पाय जमिनीला टेकवेना. ओल्या कातड्यानं टाचा सोलून निघाल्या होत्या, बोटं रक्ताळलेली. ती चिंध्या गुंडाळून बूट चढवायला बसली, तशी केराबाईनं तिच्या हातातून बूट घेतले.

"आज मी जाते."

"आक्का, तुमाला जमायचं न्हाय."

"तुला तरी काल कुटं जमत हुतं? दाव की कसं चालायचं ते."

राजाबाईनं तिच्याकडं बघितलं. मग तिनं केराबाईचे पाय आपल्या मांडीवर घेतले, बुटांत चिंध्या कोंबल्या, नाड्या ओढल्या आणि ती एका ओढीत सुटणारी गाठ मारली. घाई करायची नाही, पाय उचलायच्या आधी दुसरा बसलाय का ते बघायचं, असं ती सांगत राहिली. डोहावर दोराचं टोक तिनं स्वतः केराबाईच्या कंबरेला बांधलं आणि बाभळीपाशी धोंडीरामच्या शेजारी जाऊन दोर धरला.

केराबाईनं खडकावर पाय ठेवला तेव्हा तिला शेवाळाचा थंडावा बुटाच्या भोकांतून लागला.  तिला परत फिरावंसं वाटलं. तिनं टाच दाबली, खिळा दगडात बसल्याचं तिला कळलं, आणि तिनं पुढचं पाऊल टाकलं.

त्या उन्हाळ्यात दोघी आळीपाळीनं खडकावर गेल्या. कधी मिळालं, पुष्कळदा नाही मिळालं. खिळे झिजले तसे निंगप्पानं दिलेले जादा खिळे धोंडीरामनं बसल्या जागी ठोकून बसवले. आगोटीचा पाऊस लागेपर्यंत वस्तीतली कितीतरी पोरं गेली. वच्छला राहिली.